ड्रायर, कंडेन्सर आणि आपल्या शाळेतला कार्यानुभवाचा तास
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझी वाटचाल’. मी तो बदलून मागितला. माझी वाटचाल तुम्हाला पाठ आहे. लातूरला दहावी, बारावी, मग नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकीत चार वर्षं आणि त्यानंतर पुण्यात संगणकासमोर बसून दोन तपं. एवढ्यात ती संपते. त्याऐवजी आईच्या घरचा कपड्यांचा ड्रायर मी कसा दुरुस्त केला, ते सांगते. हसू नका. शेवटी मला आपल्या बॅचच्या निधीबद्दल एक मागणी करायची आहे आणि ती या ड्रायरमधूनच निघाली आहे.

परदेशातून आलेल्यांसाठी आधी खुलासा करते. तुमच्याकडे ड्रायर म्हणजे गरम हवेचं कपाट. आपल्याकडे लातूर-नांदेडात ‘ड्रायर बिघडला’ म्हटलं की सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा उजवीकडचा छोटा टब. एका बाजूला धुवायचं, तिथून काढून दुसऱ्या बाजूला टाकायचं, झाकण लावायचं, बटण फिरवायचं. पाच मिनिटांत कपडे पिळून निघतात. वाळवायला मात्र दोरीच लागते.

गेल्या जुलैत आईचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि प्लॅस्टर निघाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलं की पिळायचं काही नाही. आई एकटी राहते. धुणं लावायला बाई ठेवू म्हटलं तर तिला ते नको. माझे कपडे मी धुते, यावर तिचं अजून बरंच काही उभं आहे. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस एकटं राहतं, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. धुवायचं काम मशीन करतं, पण पिळायचं काम ड्रायरचं. नेमका तोच बंद पडला. बटण फिरवलं की नुसता ‘हुंऽऽ’ आवाज, टब जागचा हलत नाही.

दुरुस्तीवाला येऊन गेला होता. मशीन पुढूनच पाहून त्याने निदान केलं, की मोटार जळाली. मोटारीचे तीन हजार, नाहीतर जुनं देऊन नवीन फुली ऑटोमॅटिक घ्या. मी तेव्हा पुण्याहून फोनवर होते. मी विचारलं, मागचं झाकण उघडलं का? तर तो म्हणाला, “मॅडम, साहेब असतील तर त्यांना द्या, मी त्यांना सांगतो.” मी शनिवारची गाडी पकडून लातूरला आले.

आता फुली ऑटोमॅटिक का नको, हेही सांगायला हवं, कारण माझ्या भावानेही तेच सुचवलं होतं. २०१६ चा उन्हाळा इथे ज्यांनी काढला, त्यांना मी काय सांगणार! धनेगावचं मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ गाडी पाणी घेऊन आली. दहा वाघिण्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत आईने एकाच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी अशी तीन धुणी काढली आणि उरलेलं पाणी बादलीने संडासात ओतलं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी कधी सोडायचं हे आपल्या हातात असतं. फुली ऑटोमॅटिकला नळाचा दाब लागतो, आणि ते दर वेळी आपल्या मनाने पाणी सोडून देतं. ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तिथे हा फरक तीन हजारांच्या मोटारीपेक्षा मोठा आहे. आईने तो न शिकता ओळखला होता. तिला नवीन मशीन नकोच होतं, पण ‘उगं कशाला त्रास’ म्हणून ती हो म्हणायला निघाली होती.

तर शनिवारी दुपारी मी पेचकस, पक्कड आणि मल्टिमीटर घेऊन मोरीशेजारी बसले. आई प्लॅस्टरचा हात सांभाळत दारात उभी. “काय करायलीस गं? शॉक बसंल की!”

शॉक बसू शकतो, हे खरंच आहे. म्हणून पहिली गोष्ट, नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढून ठेवायचा. आपल्या जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तसं असेल तर बटण बंद असूनही मशीनच्या आत वीज हजर असते. दुसरं, आतला कंडेन्सर प्लग काढल्यावरही वीज धरून बसलेला असू शकतो. बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना टेकवल्या की तो रिकामा होतो. त्याआधी आत बोटं घालायची नाहीत.

मागचं झाकण सहा स्क्रूंवर होतं. उघडल्यावर आधी उंदरांनी वायरी खाल्ल्यात का ते पाहिलं. या मशीनचं बूड उघडं असतं आणि आपल्याकडचे निम्मे बिघाड उंदीरच करतात. वायरी शाबूत होत्या. झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा नकाशा चिकटवलेला होता, कोपऱ्यात थोडा ओलावा लागलेला, पण वाचता येत होता. नऊ वर्षं तो तिथे होता आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. मला तर तो पाहून अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. संगणकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम समजून घ्यायला मिळतो, तेव्हा सोबत असा नकाशा क्वचितच असतो.

आमच्या कामात बिघाड शोधायची एक पद्धत आहे. सगळं उघडत बसायचं नाही. काय चालतंय ते आधी पाहायचं आणि त्यावरून काय काय निर्दोष सुटलं ते ठरवायचं. ड्रायरमध्ये वीज आधी टायमरमधून जाते, मग झाकणाखालच्या स्विचमधून आणि मग मोटारीत. ‘हुंऽऽ’ आवाज येतोय म्हणजे वीज मोटारीपर्यंत पोचतेय. म्हणजे टायमर सुटला, झाकणाचा स्विच सुटला. आवाजच नसता तर मी त्या दोघांपासून सुरुवात केली असती. आता उरल्या तीन शक्यता. टब कशात तरी अडकलाय, मोटार खरंच जळालीय किंवा कंडेन्सर गेलाय.

अडकण्याची कारणं घरगुती असतात. आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मध्ये रुमाल किंवा मोजा जातो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार दांड्यावर बसतात, गंज चढतो. किंवा ब्रेक सुटत नाही. झाकण उघडलं की टब थांबावा म्हणून खाली एक ब्रेक असतो आणि तो झाकणाला तारेने जोडलेला असतो. तार सैल पडली किंवा तुटली तर झाकण लावूनही ब्रेक धरलेलाच राहतो, आणि मोटार बिचारी कण्हत बसते. मी खालून ब्रेकची पट्टी हाताने दाबून धरली आणि मोटारीवरचा जोड फिरवला. लोण्यासारखा फिरला. तार थोडी सैल होती, ती एक आटा ओढून घेतली, पण मूळ दुखणं ते नव्हतं.

मग मोटार. तिच्यातून तीन वायरी बाहेर येतात, कारण आत दोन वाइंडिंग असतात आणि त्यांचं एक टोक सामाईक असतं. मल्टिमीटरने दोन-दोन वायरींमधला रोध मोजायचा. मला एका जोडीत ६८ ओहम मिळाले, दुसरीत ९२ आणि तिसरीत १६०. ६८ आणि ९२ ची बेरीज १६०. गणिताच्या सरांनी ऐकावं, हिशेब जुळला! वाइंडिंग जळून तुटलेलं असतं तर एखादी जोडी उघडीच दिसली असती. मग प्रत्येक वायर आणि मोटारीचं लोखंडी अंग यांच्यात मोजलं, तिथे काहीच जोड नाही. मोटार ठणठणीत होती. ज्या मोटारीचे तीन हजार मागितले होते, ती.

राहिला कंडेन्सर. इंग्रजी पुस्तकात त्याला कॅपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच मागा. तो कशासाठी असतो, हे इथल्या शेतकरी मित्रांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेतातल्या पंपाला तीन फेज मिळतात, म्हणून त्याची मोटार आपोआप फिरते. घरात एकच फेज. एका फेजची वीज मोटारीत चुंबक तयार करते खरी, पण तो चुंबक जागच्या जागी पुढे-मागे होतो, फिरत नाही. विष्णुपुरीला पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर उलट दिशांना फिरणारे दोन बाण काढून हे शिकवलं होतं. परीक्षेपुरतं मी ते घोकलं. सायकलवरून सांगते. सायकलचं पायडल बरोबर वर उभं असताना त्यावर कितीही जोराने पाय दाबा, सायकल हलत नाही. कोणीतरी मागून थोडा धक्का द्यावा लागतो. कंडेन्सर हा तो धक्का देणारा. तो दुसऱ्या वाइंडिंगमधली वीज जरा पुढे सरकवतो, दोन्ही वाइंडिंगांचा जोर एकामागोमाग येतो आणि मोटार फिरू लागते. तो गेला की मोटारीत जोर असतो, पण दिशा नसते. म्हणून ‘हुंऽऽ’. (दोन फेजवर कंडेन्सर लावून रात्री पंप चालवणारे इथे दहाजण तरी असतील. महावितरणचं कोणी बसलेलं नाही ना?)

आईच्या कंडेन्सरवर ५ मायक्रोफॅरड लिहिलं होतं. मीटरने १.७ दाखवलं. हा काही एका दिवसात मरत नाही. आत प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा असतो. विजेच्या चढउतारात पट्टीला कुठे भोक पडलं, तर तिथला मुलामा जळून उडून जातो आणि भोक आपोआप वेगळं पडतं. कंडेन्सर वाचतो, पण दर वेळी थोडा लहान होतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडची वीज पाहता नऊ वर्षं टिकला, हेच पुष्कळ.

गंजगोलाईच्या बाजूला एका दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, “पंख्याचा का?” पंख्याचा बहुधा अडीचचा असतो. मी म्हटलं, पाचचा, ४४० व्होल्टचा, ड्रायरच्या मोटारीचा. तो म्हणाला, “आठचा घेऊन जा ना, जोरात फिरंल.” हे मात्र करू नका. मोठा कंडेन्सर लावला की दुसऱ्या वाइंडिंगमधून जास्त वीज जाते, ते तापतं, आणि मग खरोखरच मोटार जळते. लिहिलाय तेवढाच आणायचा. मी शंभराची नोट दिली आणि सुटे पैसे परत आले.

नवा बसवला, वायरी पूर्वीसारख्या बांधल्या, मागचं झाकण सहाच्या सहा स्क्रूंनी लावलं आणि मगच प्लग घातला. आईचा ओला टॉवेल आत टाकून बटण फिरवलं. टब फिरला. आई काही बोलली नाही. आत गेली आणि डाव्या हाताने चहाचं आधण ठेवलं.

त्या टबाच्या वेगाचा मी नंतर हिशेब केला, कारण आईला भीती कुठे बाळगायची ते सांगायचं होतं. मिनिटाला साधारण १३५० फेरे, टब एक वीतभर रुंद. म्हणजे टबाची कड ताशी साठ किलोमीटरने पळते, लातूरहून अहमदपूरकडे एसटी जाते त्या वेगाने. आणि आतल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ अडीचशे पट जोर येतो. म्हणून पाणी सुटतं. म्हणूनच झाकणाचा स्विच कधी ‘डायरेक्ट’ करून घ्यायचा नाही. दुरुस्तीवाले वेळ वाचवायला करतात तसं. लहान मुलं असलेल्या घरात तर मुळीच नाही. आणि मोटार अडली म्हणून टबाला हाताने धक्का देऊन सुरू करायचा प्रयत्नही नको.

एक काम मी स्वतः केलं नाही. प्लगची अर्थिंग तपासली तर भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला मागे वायरच नव्हती. मोरीशेजारी, ओल्या फरशीवर, लोखंडी अंगाच्या मोटारीला अर्थिंग नाही! ते काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतलं, सोबत वीज गळली की लगेच बंद करणारा ३० मिलिअँपिअरचा स्विचही बसवला. त्याला कंडेन्सरच्या कितीतरी पट पैसे गेले आणि ते मी आनंदाने दिले. आज इथून गेल्यावर तुम्ही दुसरं काही केलं नाहीत, तरी आईवडिलांच्या घरची ही तिसरी वायर पाहा.

परदेशातल्या मंडळींसाठी दोन वाक्यं. तुमच्या गरम हवेच्या ड्रायरमध्ये कपडे फिरतात पण गरम होत नाहीत, असं झालं तर बरेचदा आतला थर्मल फ्यूज उडालेला असतो. तो स्वस्त असतो, पण तो उडाला याचा अर्थ हवा बाहेर जायची नळी कापसाने तुंबलीय. ती साफ न करता नुसता फ्यूज बदललात तर आगीला आमंत्रण. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या एका अहवालात वर्षाला सुमारे २,९०० घरगुती ड्रायर-आगींचा आकडा आहे आणि सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच दिलं आहे. गॅसवरचा ड्रायर असेल तर हात लावू नका.

आता मागणी.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्या, यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची माहिती लोकांना द्यावी म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण हक्क मिळाला तरी झाकण उघडायचा धीर कुठून आणायचा? तो माझ्या मते वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच येतो, किंवा मग फार उशिरा येतो.

आठवतंय का, आठवीत कार्यानुभवाच्या तासाला वर्ग दोन भागांत फुटायचा? मुलं वरच्या खोलीत लाकडी बोर्डावर होल्डर आणि बटण जोडायची. आम्ही मुली खाली बाईंकडे काज, बटण, टाके. बाई, तुम्ही समोर आहात म्हणून सांगते, तुमचा काज मला आजही येतो आणि त्यातून आलेली बोटांची स्थिरता त्या सहा स्क्रूंच्या वेळी कामाला आली. पण वरच्या खोलीत काय चाललंय, हे आम्ही जिन्यातून डोकावून पाहायचो आणि हाकलल्या जायचो. मुलांनाही खाली येऊ दिलं नाही कधी. आज आपल्या बॅचमधल्या किती जणांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येतं, त्यांनी हात वर करा. बघा! नियम करणाऱ्यांचा तो काळच तसा होता आणि मी कोणा एकाला दोष देत नाही. पण साहेबांना फोन द्या, हे वाक्य त्या जिन्यातच तयार झालंय, असं मला वाटतं. त्या दुरुस्तीवाल्याचाही दोष मी धरत नाही. त्याला मोटार बदलायचे पैसे मिळतात, मोजायचे मिळत नाहीत.

आपल्या बॅचने शाळेला काही द्यायचं ठरवलंय आणि कार्यकारी समितीत स्मार्ट बोर्डाचं चाललंय. मी स्वतः संगणकाच्या धंद्यातली असून सांगते, बोर्ड नको. पाच वर्षांनी तो बिघडेल आणि त्याचं झाकण उघडणारं शाळेत कोणी नसेल. त्याच पैशात वरची ती खोली पुन्हा उघडू. दहा मल्टिमीटर, पेचकस-पक्कडीचे संच, एक शिलाई मशीन, आणि भंगारातले दोन-चार मिक्सर, पंखे, ड्रायर. आठवी-नववीच्या मुली आणि मुलं एकत्र, आठवड्याला दोन तास, सुरुवातीला सगळं प्लगशिवाय, नुसतं उघडायचं, मोजायचं, परत लावायचं. शिकवायला आपल्याच बॅचमधले तिघे आहेत. एकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, एकजण आयटीआयमध्ये निदेशक आहे, आणि एका मैत्रिणीचं टेलरिंगचं काम आहे. तिघांशी मी बोलले आहे, तिघेही हो म्हणालेत. मी महिन्यातून एका शनिवारी पुण्याहून येईन. आईकडे यायचंच असतं.

मुख्याध्यापकांनी खोली द्यायची तयारी काल दाखवली आहे, त्यांची एकच अट आहे, की खोलीची अर्थिंग आधी नीट करून द्या. ते बरोबरच आहे. वायरमनचा अंदाजपत्रकाचा कागद, सामानाची यादी आणि आईचा तो १.७ चा कंडेन्सर मागच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणानंतर ज्यांना मल्टिमीटर हातात धरून पाहायचाय त्यांनी तिकडे यावं, आणि निधीच्या मतदानाआधी यादीवर एकदा नजर टाकावी. सर, तुम्हीही या, बेरीज जुळते का ते तुमच्यासमोर मोजून दाखवते.